एकास पस्तीस

पोरीच्या बाळंतपणाला सिंधू ब्रनोला गेली,
मी तिच्यामागे डिंकाचे लाडू आणि
कळण्याचं पीठ उचलायला.
तिसऱ्या दिवशी हर्षाली म्हणाली,
बाबा, तुम्ही जरा फिरून या.
म्हणजे पायात येऊ नका.

जावयानं चिठ्ठीवर दोन पत्ते दिले,
एक म्युझियम, एक दुकान.
ट्रामचा नंबर, आणि खाली अधोरेखित:
शनिवारी बाराला बंद.

म्युझियम आधी लागलं.
अंगणात रणगाडा. साखळीच्या पिना बघितल्या,
एक बदललेली होती, तिचं डोकं वेगळं.
आत काचेमागे पितळी पुंगळ्या,
लहानीपासून मोठीपर्यंत, उतरंडीसारख्या.
मी गुडघ्यावर बसून बुडं बघू लागलो
तशी राखणदार बाई खुर्चीतून उठली.
तिला कसं सांगू, बाई,
वरणगावला फॅक्टरीत एकतीस वर्षं
हेच बूड बघायचा पगार घेतला.

पाटीवर होतं, कुठल्या लढाईत झाडली.
कोणी घडवली, ते नव्हतं.
नसतंच.
सुपडू तायडेची दोन बोटं गेली फिलिंगला,
ती तरी कुठल्या पाटीवर आहेत.

पुढच्या कपाटात एक हेल्मेट,
डाव्या कानाच्या वर भोक.
चष्मा कपाळावर घेतला.
व्हर्नियर नव्हतं, लागलंही नसतं.
सात पॉइंट बासष्ट.
काठ आत वळलेला, गोल, कुठे चीर नाही.
एकतीस वर्षांत माल पेटीत जाताना बघितला,
पोचलेला आज बघितला.
फोटो काढला नाही.

दुकान सापडेना. दोनदा पुढे गेलो.
काचेतले खोके उन्हानं इतके विटलेले
की मला ते औषधांचं वाटलं.
आत थिनरचा वास, आमच्या पेंट शॉपचा,
आणि डोक्याला भिंग बांधलेला म्हातारा.
त्याला इंग्रजी नाही, मला त्याची भाषा नाही.
बोटांनी दाखवलं: तीन, पाच.
त्यानं अख्खी भिंत दाखवली.

शिपायांच्या कातडीचा रंग मागितला
तर बाटली गुलाबी.
मी बाही वर करून मनगट पुढे केलं.
तो मागे गेला. विटकरी, खाकी, थोडा पिवळा,
झाकणात कालवून माझ्या नखावर ठिपका ठेवला.
‘अजून,’ मी मराठीतच म्हणालो.
त्यानं अजून खाकी घातला.

गल्ल्याशेजारी खिळ्याला काचेची नळी,
आत केसाएवढं ड्रिल. पॉइंट दोन.
सात पॉइंट बासष्ट भागिले पस्तीस,
डोक्यात हिशेब आपोआप झाला. बसतं.
नळी हातात घेतली.
परत अडकवली.
बारा वाजले होते, म्हातारा शटरकडे बघत होता.
कुठले, असं काहीतरी विचारलं त्यानं.
भुसावळ, म्हटलं.
माहीत असल्यासारखी मान हलवली बिचाऱ्यानं.

आता मे महिना. रंग ब्रशवरच वाळतो.
कूलर लावला तर धूळ चिकटते,
म्हणून पहाटे चारला बसतो, बनियनवर, घाम पुसत.
सिंधू म्हणते, नातू अजून पालथा पडत नाही,
हे खेळणार कोण?

पाच शिपाई झाले. पावणेपाच सेंटीमीटरचे,
मी स्वतः या मापात तेवढाच भरेन.
पाचव्याची दोन बोटं ब्लेडनं काढली.
मग बंदूक हातात बसेना,
म्हणून तारेची कडी वाकवून डबा दिला,
शिफ्टला नेतात तसला, दोन खणी.
हेल्मेटं पाचही साबूत.

रविवारी सुपडू आला.
टेबलाशी वाकून बराच वेळ बघत राहिला.
बोटांविषयी काही बोलला नाही.
‘डब्यात काय हाये रे भो?’

भरीत, म्हटलं.